अमावस्येचा नारळ आणि ब्लॅक सॅबथ

गेल्या अमावस्येला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये नेहमीप्रमाणं पॉवर प्रेसवरनं नारळ ओवाळून फोडला, दाराला नवी लिंबू-मिरची बांधली आणि मी स्पीकरवर ब्लॅक सॅबथ ह्या इंग्लिश रॉक बँडचं गाणं लावलं. माल न्यायला आलेले एक काका दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हे सैतानाला पुजणारे न्हवं? असलं शॉपमध्ये लावू नकोस बाबा." त्यांच्या डोक्यावर लिंबू लोंबत होतं. मी गप्प बसलो, कारण त्यांच्याकडनं पेमेंट यायचं होतं. तेव्हा बोललो नाही ते इथं लिहितो.

रॉकवाल्यांना गूढविद्येचा नाद होता का? होता की. पण सगळे एका मापाचे नव्हते. लेड झेपेलिन बँडचा गिटारवाला जिमी पेज खरा नादखुळा. ॲलिस्टर क्रोली नावाच्या इंग्रज मांत्रिकाची पुस्तकं, हस्तलिखितं तो गोळा करायचा. लॉख नेस तळ्याकाठचं क्रोलीचं जुनं घर त्यानं विकत घेतलं, लंडनला गूढविद्येच्या पुस्तकांचं दुकान काढलं. 1970 च्या तिसऱ्या अल्बमच्या पहिल्या रेकॉर्डांवर, जिथं खाचा संपतात त्या जागी, क्रोलीचं 'तुला हवं ते कर' हे वचन कोरलेलं आहे. बीटल्सनी 1967 मध्ये कव्हरवर क्रोलीचा चेहरा छापला खरा, पण त्याच गर्दीत परमहंस योगानंदही आहेत. त्याला अनुष्ठान कोण म्हणेल? भिंतीवर पोस्टर लावावं तसलं ते.

आता सॅबथ. ही पोरं बर्मिंगहॅमची, म्हणजे तिकडच्या उद्यमनगरातलीच म्हणा. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वय 17, कामाचा शेवटचा दिवस, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि पुढं तारा सैल करून वाजवायला लागला. तो जड, खालचा, अंगावर येणारा आवाज काही प्रमाणात तिथनं आलाय. सैतान राहिला बाजूला, हे तर आमच्या धंद्यातलं दुखणं.

भुताटकीही होती, नाही म्हणत नाही. बासवाल्या गीझर बटलरनं खोली काळी रंगवली होती. गायक ऑझीनं त्याला काळ्या जादूचं जुनं पुस्तक दिलं, आणि एका रात्री पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली, असं तो सांगतो. त्यावरनंच 'ब्लॅक सॅबथ' हे त्यांच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं झालं. पण नीट ऐका, त्या गाण्यातला माणूस सैतानाला बघून देवाचा धावा करतोय. गळ्यातले क्रॉस ऑझीच्या वडलांनी बनवले होते, ते टूलमेकर. पहिल्या अल्बमच्या आतला उलटा क्रॉस मात्र रेकॉर्ड कंपनीनं बँडला न विचारता छापला. आणि तो अल्बम बाजारात आला 13 फेब्रुवारी 1970 ला, वार शुक्रवार, म्हणजे तिकडं अशुभ मानतात तो 13 तारखेचा शुक्रवार. धंदा कुणाला कळत होता ते बघा.

मला सगळ्यात मजा वाटते ती सुरांची. त्या गाण्यात सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, येतो. सा आणि तीव्र मध्यमामधल्या ह्या अंतराला युरोपातल्या 18 व्या शतकातल्या पंडितांनी 'संगीतातला सैतान' म्हटलं. चर्चनं त्यावर बंदी घातली होती ही सांगोवांगीची गोष्ट, तिला पुरावा नाही. आणि आमच्याकडं? तोच तीव्र मध्यम यमन रागात रोज संध्याकाळी लागतो. ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायले, त्या गावानं तीव्र मध्यमाला घाबरायचं? अर्थात सॅबथचा यमन होत नाही. आजूबाजूचे सूर, लय, तो विकृत केलेला गिटारचा आवाज, सगळंच निराळं. पण भीती त्या सुरात भरलेली नसते एवढं नक्की.

आमच्याकडं एक जुने कारागीर आहेत. पूर्वी दुसरीकडं कामाला असताना प्रेसवर त्यांच्या दोन बोटांची पेरं गेली, तरी मिरवणुकीत हलगी वाजवतात. काका गेल्यावर त्यांना आयोमीची सगळी गोष्ट सांगितली. क्रोली, काळी आकृती, उलटा क्रॉस, सगळं. त्यांनी हातातला तुकडा बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, "प्रेसला गार्ड नव्हतं व्हय?"