पैलवान खरा, खांब पुठ्ठ्याचा

परवा रविवारी बाबांना यूट्यूबवर १९५८ चा इटालियन सिनेमा हर्क्युलिस लावून दिला, ग्रीक पुराणातल्या त्या महाबली वीराचा. मला वाटलं दहा मिनिटांत झोपतील, कारण डबिंग म्हणजे अक्षरशः आनंदीआनंद, ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे. पण बाबा तालमीत वाढलेले, त्यांचं लक्ष डायलॉगकडे नव्हतंच. शेवटी त्यातला हिरो स्टीव्ह रीव्ह्ज साखळ्या ओढून राजवाड्याचे खांब पाडतो ना, तिथे उठून बसले. म्हणे, खांब पुठ्ठ्याचेच असणार, पण पाय कसे रोवलेत बघ, ओढ कमरेतून येतेय, नुसते हात नाही ताणत.

आणि मला नेमकं हेच म्हणायचंय. या जुन्या इटालियन पैलवानी सिनेमांची टर उडवणं लई सोपंय, पण त्यातला माणूस तरी खरा होता राव! रीव्ह्ज १९५० चा मिस्टर युनिव्हर्स. त्याच्याही आधी, १९१४ च्या मूकपटात माचिस्ते नावाचा बलदंड गुलाम झाला होता तो बार्तोलोमेओ पगानो, जेनोवाच्या गोदीतला कामगार. पुढे साठच्या दशकात तोच माचिस्ते रंगवणारा कर्क मॉरिस म्हणजे मुळात व्हेनिसचा गोंडोला वल्हवणारा आद्रिआनो बेल्लीनी, पोस्टरवर अमेरिकन नाव असलं की तिकिटं खपतात म्हणून बारसं नवीन. गंमत म्हणजे माचिस्तेला अमेरिकेत कोणी ओळखत नव्हतं, मग तिकडे गेला की त्याचाच हर्क्युलिस नाहीतर सॅमसन व्हायचा, डबिंगमध्ये नाव बदललं की काम झालं.

पैशाचं गणित पण भारी. जोसेफ लेव्हिन नावाच्या अमेरिकन माणसाने पहिल्या हर्क्युलिसचे हक्क सव्वा लाख डॉलरच्या आसपास घेतले आणि जाहिरातीवर दहा लाखांच्या वर उडवले, १९५९ मध्ये पिक्चर तिकडे तुफान चालला. मग काय, इटलीत रांगच लागली, दरवर्षी ढिगाने तेच सेट, तेच घोडे, तीच नाचणारी राणी. बरेचसे रद्दड आहेत, खोटं कशाला बोलू.

पण दिग्दर्शक मारिओ बावाचा १९६१ चा पाताळातला हर्क्युलिस बघाच. हिरो रेज पार्क, व्हिलन ख्रिस्तोफर ली. बजेट नाही म्हणून मोजकेच खांब इकडून तिकडे हलवलेत, वर लाल-निळे-हिरवे लाइट आणि भरपूर धूर, आणि त्यातून असं पाताळ उभं केलंय की आज कोट्यवधींच्या ग्राफिक्समध्ये तेवढी भीती वाटत नाही. ग्राफिक्समध्ये हिरोला वजनच नसतं हो, दगडाला पण नसतं.

आपल्याकडे दारा सिंग होतेच की, १९६४ मध्ये एकाच वर्षात सॅमसन पण झाले आणि हर्क्युलिस पण. त्याच वर्षी इटलीत दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट आला, ज्याने तीन वर्षांपूर्वी असलाच पुराणकाळातला चपला-तलवारींचा पिक्चर काढला होता त्याच माणसाचा, आणि सगळे निर्माते चपला सोडून बूट घालून घोड्यावर बसले. पैलवानांची सद्दी वर्ष-दोन वर्षांत खलास.

बाबांना विचारलं, रीव्ह्ज कसा वाटला? म्हणाले छाती झकास, खांदे पण, पण मान कुस्तीवाल्याची नाही आणि कान तर एकदम कोरे, कुस्तीत चुरगाळलेलेच नाहीत. दारा सिंगने पहिल्या मिनिटात चितपट केला असता.

मग म्हणाले, याचा दुसरा भाग असला तर लाव.