कर्दळ लावली म्हणून सांडपाणी पालकाला चालत नाही

नागपूर परिसरातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो: नाल्याकाठी कर्दळ आणि पाणकणीस लावा, झाडे सगळी घाण आणि विषारी धातूही शोषून घेतात, देखभालीचा खर्च शून्य, पाणी कोणत्याही पिकाला द्या. खाली ‘नीरी’चे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे) नाव जोडलेले असते.

नागपूरच्याच नीरीने झाडांच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करण्याचे ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले, एवढे खरे. पण त्यात सांडपाणी आधी टाकीत निवळते आणि मग खडी भरलेल्या बांधीव वाफ्यांतून, पृष्ठभागाखालून, संथपणे सरकते. वाहत्या नाल्याच्या काठी रोपे खोवण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

घाण झाडे शोषतात, हेही अर्धेच खरे आहे. सेंद्रिय घाण मुख्यतः खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू खातात. झाडे त्यांना आधार व थोडा प्राणवायू देतात आणि काही नत्र-स्फुरद उचलतात, जे झाड वेळेवर कापून बाहेर काढले नाही तर कुजून पाण्यात परत येते. म्हणजे शून्य देखभालीचा दावा इथेच संपतो. टाकीतला गाळ आणि स्वयंपाकघरातल्या तेलकटपणाने तुंबणारी खडी हे आणखी वेगळे काम.

खरा धोका ‘कोणत्याही पिकाला’ या शब्दांत आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याची बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच घाणीचे माप) लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते आणि चांगला वाफा ती सहज गाठतो, परंतु हा आकडा रोगजंतूंविषयी काहीच सांगत नाही. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे एक कोटी विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू, रोगजंतूंच्या शक्यतेची खूण) धरले आणि वाफ्याने त्यातले ९९ टक्के काढले, तरी एक लाख उरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सुचवलेली मर्यादा १,००० होती. तेव्हा पालक, कोथिंबीर, मुळा यांना हे पाणी निर्जंतुकीकरणाशिवाय देऊ नये. कपाशीला, तेही सरीतून, देण्यास हरकत कमी. उरलेले नत्र तिच्या कामीही येते.

धातू नष्ट होत नाहीत, ते गाळात आणि मुळांत साठतात. म्हणून कारखान्यांचे पाणी मिसळलेला नाला या कामासाठी मुळातच वर्ज्य मानावा.

संदेशात क्षारांचा उल्लेखही नाही, आणि विदर्भासाठी मला हीच सर्वांत मोठी उणीव वाटते. विरघळलेले क्षार वाफ्यातून जवळजवळ जसेच्या तसे पार होतात. उलट मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात पाणी उडून त्यांची तीव्रता वाढते. सोडियम वाढले की काळी जमीन चिकट होऊन पाणी मुरेनासे होते, आणि संत्र्याचे झाड तर क्लोराइडला फारच हळवे. त्यामुळे बागेला पाणी जोडण्यापूर्वी विद्युतवाहकता (एकूण विरघळलेल्या क्षारांचे माप), सोडियम आणि क्लोराइड यांची तपासणी करून घ्यावी, आणि उन्हाळ्यात ती पुन्हा करावी.