वाढत्या अंगाचं जॅकेट

थंडी तोंडावर आली की एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे एरवी पाण्याच्या टँकरपलीकडे विषय जात नाही. मजकूर साधारण असा: "डेनिम जॅकेट ऑनलाइन घेताना नेहमी एक साइज मोठीच मागवा. एक, डेनिम धुतल्यावर आटतंच. दोन, ऑनलाइन साइज परदेशी असतात, लहानच निघतात. तीन, आत स्वेटर मावला पाहिजे. चार, मोठं निघालं तर टेलर कमी करून देतो. पाच, नाहीच जमलं तर रिटर्न आहेच." खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

मी डोंबिवलीत कपडे अल्टर करून देते. म्हणजे चौथ्या मुद्द्यातला तो टेलर मीच. त्यामुळे क्रम मोडून तिथूनच सुरुवात करते.

साधा शर्ट ढगळ असेल तर बाजू आत घेणं हे चहा उकळेपर्यंतचं काम. डेनिम जॅकेट म्हणजे जाड शर्ट नव्हे. त्याच्या बहुतेक लांब शिवणींमध्ये दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर टाके मारलेले असतात. ते उसवायचं, कापायचं, पुन्हा तसंच दुमडून जाड दोऱ्याने शिवायचं. कमरपट्टीजवळ इतके थर एकावर एक येतात की घरगुती मशीनची सुई मोडते. तरी हे सगळं जमण्यातलं आहे. न जमणारी गोष्ट म्हणजे रंग. जॅकेट आधी शिवलं जातं आणि मग वॉशला जातं, म्हणून प्रत्येक शिवणीच्या उंचवट्यावर रंग उडून पांढुरक्या रेघा उठलेल्या असतात. माझी नवी शिवण त्यांच्यात कोरी, गडद, उपऱ्यासारखी दिसते. बाजू फार आत घेतल्या तर छातीवरचे खिसे काखेकडे सरकल्यासारखे वाटतात, तो भाग आणखी वेगळा.

आणि शोल्डर? शोल्डर कमी करायचा म्हणजे बाही सुटी करायची, खांदा कापायचा, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचा, आकार नव्याने काढायचा, मग त्या मुंढ्यात बाहीचा माथा बसतो का ते बघायचं. एवढं करून गिऱ्हाईक आरशात बघून "हं..." म्हणतं. तो "हं" मला परवडत नाही, म्हणून हे काम मी घेतच नाही. बाही आखूड करते, कफ काढून, कापून, परत लावून. पण बाहीची चीर तेवढी लहान होते, त्यामुळे तिलाही मर्यादा आहे. कमरेचं धातूचं बटण सरकवून द्या म्हणणारेही येतात. ते बटण कापडात ठोकलेलं असतं, काढलं की तिथे भोक राहतं.

मेसेजवाल्यांना एक गोष्ट मान्य करते. लहान जॅकेट सैल करता येत नाही, हे खरं. आतल्या शिवणीत माया, म्हणजे सैल करायला लागणारं जादा कापड, सोडलेलीच नसते. पण म्हणून मोठं जॅकेट सुरक्षित, हे त्यातून निघत नाही. छातीत इंच-दीड इंच जास्त असेल तर सांभाळून घेता येतं. खांद्यात जास्त असेल तर तेही जवळपास लहान जॅकेटाइतकंच फसलेलं असतं.

आता आटण्याचं. हा मुद्दा एकेकाळी शंभर टक्के खरा होता, म्हणून तर तो इतका चिवट आहे. मागावरून उतरलेलं, पुढची काही प्रक्रिया न झालेलं डेनिम पहिल्या धुण्यात लांबीच्या दिशेने दहा टक्क्यांपर्यंत आटतं. आपल्याकडेही आजी-आई नवीन कापड आधी पाण्यातून काढून वाळवायच्या आणि मगच शिवायला टाकायच्या. 1930 च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट या माणसाने एक यंत्र-पद्धत काढली: ओलसर कापड जाड पट्ट्यावरून गरम सिलिंडरखाली न्यायचं आणि लांबीत आधीच दाबून, आवळून ठेवायचं, म्हणजे पुढे धुताना आटायला फारसं काही उरत नाही. त्याच्याच नावावरून 'सॅनफोराइज्ड' हा शब्द आला. गिरण्यांच्या जमान्यातल्या लोकांना कापडावरचा तो छाप आठवत असेल.

आज साइटवर दिसणारं नेहमीचं डेनिम जॅकेट या प्रक्रियेतून गेलेल्या कापडाचं असतं, आणि वर शिवल्यानंतर कारखान्यात पुन्हा धुतलेलं असतं. स्टोन वॉश, एन्झाइम वॉश ही नावं त्याचीच. आमच्या शेजारचं उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी ओळखलं जातं, आणि एकेकाळी या वॉशसाठीही ओळखलं जायचं. वालधुनी नदीच्या पाण्याला विचारा, तिने हे वॉश पुरेपूर भोगलेत. सांगायचं ते इतकंच की तुमच्या हातात येणारं जॅकेट बहुतेक वेळा आधीच एकदा आटून आलेलं असतं.

उरलेलं आटणं किती? एक ते तीन टक्के धरा. वाईटात वाईट तीन धरू. जॅकेटची छाती 44 इंच असेल तर सव्वा इंच गेला. पुरुषांच्या मापांत एका साइजचा फरक छातीला साधारण 2 इंच असतो. म्हणजे सगळ्यात वाईट हिशेबातही एक साइज जात नाही. त्यात डेनिम आटतं ते मुख्यतः उभ्या धाग्यात, म्हणजे अंगाच्या आणि बाहीच्या लांबीत. मोठी साइज घेऊन तुम्ही जादा रुंदी विकत घेता, आणि जाते ती थोडीशी लांबी. शिवाय घालून घालून डेनिम कोपराला आणि पाठीला जरा सैल पडतं, ते कुणी मोजतच नाही.

जे अजूनही कच्चं, न धुतलेलं, सॅनफोराइज न केलेलं डेनिम मुद्दाम शोधून घेतात, त्यांना हा मेसेज लागू व्हायला हवा. पण तिथेही तो चुकतो! 25 इंचांची बाही दहा टक्के आटली तर अडीच इंच जाते. एका साइजने बाहीत तेवढी भर पडत नाही. अशा कपड्यासोबत कंपनी बरेचदा आटल्यानंतरचं माप देते, ते वाचायचं.

अमेरिकेतल्या भाच्यांनी हा मेसेज मनावर घेतला तर मी समजू शकते. तिथे कपडे ड्रायरच्या गरम हवेत वाळवतात आणि सुती कापडाला ती सोसत नाही. आपण गार पाण्यात, उलटं करून धुतो आणि दोरीवर टाकतो.

परदेशी साइजचं काय? 'परदेशी' अशी एक साइज नसते. युरोपच्या पुरुषांच्या लेबलावर 50 असेल तर ती सेंटिमीटरमधल्या छातीची निम्मी, म्हणजे अंगाची छाती 100 सेंटिमीटर. चीनमधून आलेल्या कपड्यावर 175/92 असा आकडा दिसला तर पहिला उंचीचा, दुसरा छातीचा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. आपल्याकडे एम म्हणजे कुणाचा 38, कुणाचा 40. भारतीय अंगाची एकच सर्वमान्य मापं असावीत म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने 'इंडियासाइज' प्रकल्प हाती घेतला, मुंबईसह सहा शहरांत 25,000 लोकांची मापं घ्यायची असं त्यात ठरलं. ती मापं सगळीकडे रुळेपर्यंत लेबलावरचं अक्षर हे त्या-त्या कंपनीचं खाजगी मत समजा. 'लहानच निघतात' असं सरसकट म्हणता येत नाही, कारण सध्या अर्धी जॅकेटं मुळातच ओव्हरसाइज्ड बेतलेली असतात. खांदा उतरता, बाही ऐसपैस. त्यावर आणखी एक साइज चढवली की माणूस जॅकेट घातलेला नाही, जॅकेटात ठेवलेला दिसतो.

साइज चार्टमध्ये दोन प्रकारची मापं असतात आणि सगळा घोळ इथे होतो. एक अंगाचं माप, दुसरं कपड्याचं. तुमची छाती 40 असेल आणि कपड्याचीही 40 असेल, तर ते जॅकेट तुम्हाला होणार नाही. नेहमीच्या बेताच्या जॅकेटमध्ये अंगापेक्षा 4 ते 5 इंच जास्त लागतात. म्हणून चार्टवर आधी हे बघा की आकडा कुणाचा आहे. मग घरातलं नीट बसणारं जॅकेट घ्या, नसेल तर जाडसर शर्ट. बटणं लावून पलंगावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. शोल्डर एका शिवणीपासून दुसरीपर्यंत. बाही खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. हे आकडे चार्टमधल्या कपड्याच्या आकड्यांशी ताडा, आणि दोन साइजच्या मध्ये अडकलात तर शोल्डर ज्याचा जुळतो ती घ्या. अर्धा इंच इकडे-तिकडे शिलाईतच होतो, त्याचा बाऊ करू नका. फोटोतल्या मॉडेलकडे बघून ठरवू नका, त्याचं जॅकेट पाठीमागून पिना लावून आवळलेलं असू शकतं.

स्वेटरबद्दल एवढंच विचारते: मुंबई-ठाण्यात तुम्ही डेनिम जॅकेटच्या आत स्वेटर शेवटचा कधी घातला होता? नाशिक-पुण्याच्या पहाटे ठीक आहे, मनालीची ट्रिप असेल तरी ठीक आहे. मग स्वेटर अंगात घालून छाती मोजा आणि त्यावर तेच 4 ते 5 इंच वाढवा, प्रश्न मिटला. मोठ्या जॅकेटात हात मोकळे राहतात हाही एक गैरसमज आहे. मोठ्या साइजचा मुंढा खाली उतरतो, आणि लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की अख्खं जॅकेट बेंबीपर्यंत वर येतं. नेमक्या मुंढ्याचं जॅकेट जागचं हलत नाही.

रिटर्नचं तर काय बोलावं. काही साइट आता त्याचे पैसे कापतात, सेलमधल्या मालाला कित्येकदा रिटर्नच नसतो.

गेल्या आठवड्यात एक जण डबल एक्सएल घेऊन आला. खांदे दोन्हीकडे उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत. "ताई, जरा मोठंच घेतलं, वाढत्या अंगाचं." मी वय विचारलं. छत्तीस. म्हटलं, दादा, आता वाढलं तर पोट वाढेल, शोल्डर नाही वाढायचा. तो हसला, पण जॅकेट ठेवून गेला. बाह्या करून देणार आहे, खांद्याला हात लावणार नाही असं आधीच सांगितलंय.

त्या रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर मी मेसेजच्या खाली हे सगळं थोडक्यात लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग धाकट्या जाऊबाईंनी फोटो टाकला: पलंगावर जॅकेट, वर टेप, "वहिनी, 46 येतंय, बरोबर ना?" जॅकेटची बटणं उघडी होती. मी लिहिलं, आधी बटणं लाव, मग मोज.