खाऱ्या पाण्यातलं बाळंतपण

रात्रीचे पावणेदहा. खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले, दाराच्या फटीला टॉवेल खोचलेला. मी गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावलंय. तोंडात लाल कागद गुंडाळलेला टॉर्च आणि हातात प्लॅस्टिकचा मग. एवढ्यात दार उघडतं, टॉवेल सरकतो आणि बाहेरच्या उजेडात बायको उभी.

"अहो, हे काय चाललंय?"

तोंडात टॉर्च असल्यामुळे 'बाळंतपण' हा शब्द मला नीट उच्चारता आला नाही. तिने तो ओळखला, कारण पंधरा दिवसांपूर्वीही तिने तो असाच ऐकला होता आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यातही. क्लाउनफिश या नारिंगी-पांढऱ्या समुद्री माशांची जोडी एकदा मार्गी लागली की महिन्याला दोन खेपा ठरलेल्या. सुईणीला रजा नाही.

आमची टाकी साठ लिटरची. छोटी टाकी म्हणजे छोटं काम, या समजुतीने मी ती घेतली. खाऱ्या पाण्यात हा हिशेब उलटा लागतो. पाणी जितकं थोडं तितकं ते लवकर बिघडतं. त्यात पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच बसून राहतं. म्हणून रोज मोजून गोडं पाणी ओतायचं आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅमवर मीठ टिकवायचं. माणसाने खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी न खाल्लेल्या मिठाला गेली दोन वर्षं रात्र रात्र जागतोय.

दोन क्लाउनफिश आणले तेव्हा दोन्ही पोरगेच होते. या माशांत सगळे जन्मतः नर. त्यातला जो दांडगा तो पुढे मादी होतो, आणि त्याच्या खालोखालचा नवरा म्हणून राहतो. मादी गेली तर नवऱ्याला बढती मिळून तो मादी होतो, आणि खाली रांगेत उभा असलेला एखादा पोरगा नवऱ्याच्या जागेवर चढतो. इतकी बिनवादाची बढती मी नोकरीत कधी पाहिली नाही. आमच्याकडे कोणी काय व्हायचं हे ठरायला काही महिने गेले. ढकलाढकली झाली, कोपऱ्यात कोंडणं झालं. मग एके दिवशी लहान्याने मोठ्यापुढे आडवं होऊन अंग थरथर कापवलं. या मंडळींत त्याचा अर्थ 'तुम्ही म्हणाल तसं' असा होतो. बायको बराच वेळ बघत होती. "शहाणा आहे," ती म्हणाली.

अंड्यांसाठी मी एक मातीची कुंडी उकळून, घासून, आडवी करून ठेवली होती. अंडी कुंडीवर घातली की कुंडीसकट उचलून दुसऱ्या टाकीत न्यायची, असा सरळ बेत. मादीने कुंडीची आतून-बाहेरून पाहणी केली आणि अंडी घातली मागच्या काचेवर, हीटरला खेटून. तीनशे तरी असतील, नारिंगी, तांदळाच्या कणीहून बारीक. काच उचलून नेता येत नाही, हे तिला ठाऊक असावं असा माझा दाट संशय आहे.

त्यानंतर बाप कामाला लागतो. दिवसभर परांनी अंड्यांवर पाणी ढकलतो, एकेक अंडं तोंडाने साफ करतो, खराब झालेलं खाऊन टाकतो. आईकडे पहारा. चोर म्हणजे मी. काच पुसायला हात घातला की येऊन डसते. बोटभर लांबीचा प्राणी पावणेसहा फुटी माणसाला हात बाहेर काढायला लावतो, आणि तोही आपण पैसे देऊन आणलेला.

नारिंगी अंडी दिवसागणिक काळवंडतात. सातव्या-आठव्या दिवशी त्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले की समजायचं, आज रात्री. दिवे गेल्यावर तासा-दोन तासांत पिल्लं फुटतात. म्हणून तो टॉर्च. लाल उजेड बघायला, पांढरा उजेड बोलवायला. पंप बंद करून पांढरा टॉर्च एका कोपऱ्यावर धरला की पिल्लं उजेडाकडे ओढली जातात, आणि मग ती मगाने पाण्यासकट उचलायची. जाळी चालत नाही, इतकं नाजूक अंग. वीस लिटरच्या दुसऱ्या टाकीत त्यांची सोय, आणि त्या टाकीला बाहेरून काळा कागद, कारण चकाकणारी काच दिसली की ती खाणंपिणं सोडून तिच्यावर नाक आपटत बसतात. मी त्यांना हसत नाही. त्या वेळी माझंही नाक काचेलाच असतं.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरं लचांड पुढे.

पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं. पोटातली शिदोरी एखाद्या दिवसाची. त्याला हलणारं, जिवंत आणि तोंडात मावेल असंच काहीतरी हवं, ते म्हणजे रोटिफर. हा प्राणी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. बरणी उजेडासमोर धरली की पाण्यात जी धूळ तरंगते, ती धूळ म्हणजे तो. पिल्लांना वणवण पडू नये म्हणून दर मिलिलिटरमागे दहा तरी रोटिफर लागतात. वीस लिटरचा गुणाकार मी तीन वेळा केला. तिन्ही वेळा उत्तर दोन लाख आलं. आणि ही पंगत एकदाच उठत नाही, खाल्ले की पुन्हा वाढायचे.

रोटिफर काय खातात? नॅनोक्लोरोप्सिस नावाचं शेवाळ, ज्याची पेशी रोटिफरच्याही शंभराव्या हिश्श्याएवढी. शेवाळ काय खातं? खत, आणि दिवसाला चौदा-सोळा तास उजेड. म्हणजे पिल्लासाठी रोटिफर, रोटिफरसाठी शेवाळ, शेवाळासाठी खत, आणि थेंब मोजून खत घालायला मी. लोकांना मी सांगतो की मला मासे पाळायचा नाद आहे. खरं तर या उतरंडीत माझी जागा शेवाळाच्या खाली लागते.

खिडकीत हिरव्या बाटल्यांची रांग लागली. प्रत्येकीत एअर पंपाची नळी, चोवीस तास बुडबुडबुड. मुलीने चिठ्ठ्या चिकटवल्या. रोटिफरच्या बरणीवर 'जेवण', शेवाळाच्या बाटल्यांवर 'जेवणाचं जेवण'. शेजारचे काका एकदा खिडकीपाशी बराच वेळ रेंगाळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "उतरली की कळवा."

पहिल्या खेपेला माझ्याकडे रोटिफर नव्हतेच. पूड करून घातलेलं खाणं पिल्लांच्या नाकासमोरून तळाशी गेलं आणि पाण्यात अमोनिया वाढला, एवढंच. दुसऱ्या खेपेला सगळं होतं, फक्त मला अक्कल नव्हती. रोटिफर ओतलेलं नरसाळं मी धुतलं, माझ्या मते धुतलं, आणि त्यातूनच शेवाळाच्या बाटल्या भरल्या. रोटिफरच्या माद्या नराची वाट बघत बसत नाहीत. एकटीच दिवसा-दोन दिवसांत दोनाचे चार करते. हिरव्या कुरणात चुकून दोन शेळ्या शिरल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत सहा बाटल्या स्वच्छ, पारदर्शक पाण्याने उभ्या होत्या. इतकं सुंदर पाणी मला मुख्य टाकीत कधी जमलेलं नाही.

शेवाळ संपलं म्हणून रोटिफर उपाशी मेले, त्यांचा वास दोन खोल्या ओलांडून गेला, आणि चौथ्या दिवशी पिल्लांच्या टाकीच्या तळाशी पांढरट भुरका दिसला. मुलगी काही बोलली नाही. तिने चिठ्ठ्या हलकेच काढून वहीत ठेवल्या.

आता घरात दोन नरसाळी आहेत. लाल पट्टीचं जेवणाला, हिरव्या पट्टीचं जेवणाच्या जेवणाला. शिवाय रोटिफरची एक बरणी फ्रिजमध्ये, कारण थंडीत ते आठवडाभर तरी गप्प पडून राहतात. ही बरणी कोणत्या कप्प्यात राहील यावर घरात जी चर्चा झाली, तिच्यात मी अंग थरथर कापवून दाखवलं.

हे झालं बोलावलेल्यांचं. न बोलावलेल्यांना यातलं काहीच लागलं नाही. टाकीत ठेवायला आणलेल्या दगडाबरोबर ऐप्टेशिया नावाचं दोन बोटांत मावेल असं समुद्रफूल आलं होतं. मी ते कात्रीने कापलं. त्याच्या बुडाचा कण जरी मागे राहिला तरी त्यातून नवं उगवतं, हे मला आधी कोणी सांगितलं नाही. आठवड्यांत नऊ झाली. इवल्या तारामाशांनीही मला आश्चर्याचा धक्का दिला. यांचं एक टोक तुटतं, त्या तुटक्या टोकाचा अख्खा तारामासा होतो. ना दोन लाखांची पंगत, ना टॉर्च.

ऐप्टेशिया खातात म्हणून मी पेपरमिंट जातीच्या दोन कोळंब्या आणल्या. दोघींनी ते फूल हुंगलं आणि मी माशांना टाकलेलं खायला निघून गेल्या. त्यांच्यात मोठं झालेलं प्रत्येक जण एकाच वेळी नरही असतं आणि मादीही, त्यामुळे कोणत्याही दोघी एकत्र आल्या की जमलंच. थोड्याच दिवसांत दोघींच्या पोटाखाली हिरवट अंड्यांचे झुपके. कोळंबीची पिल्लं वाढवायला महिना-दीड महिना लागतो, असं वाचून मी तो बेत वाचता वाचताच सोडला. आता दर काही दिवसांनी रात्री त्यांची पिल्लं पाण्यात सुटतात आणि क्लाउनफिशचं जोडपं आयता घास गिळतं. ज्या ताज्या, जिवंत खाण्यासाठी मी घराची प्रयोगशाळा केली, ते त्या दोघी फुकटात घरपोच देतात, आणि तेही ज्यांना गरज नाही त्यांना.

कधी कधी बांगाई कार्डिनलचा विचार मनात येतो. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा हा मासा. याचा बाप अंडी आणि पिल्लं मिळून जवळजवळ चार आठवडे तोंडात धरतो, स्वतः काही खात नाही, आणि तोंड उघडतो तेव्हा बाहेर येतात ते पुरते घडलेले, पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे. त्यांना रोटिफर लागतच नाहीत. असा जबाबदार बाप बघून मला आदर वाटायला हवा, मला फक्त हेवा वाटतो. पण त्यालाही पकडून पकडून समुद्रात धोक्यात आणलंय. घरात वाढलेला प्रत्येक मासा म्हणजे प्रवाळावरून उचलावा न लागलेला एक मासा, हा माझा बचाव आहे. १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाउनफिश व्यापारी प्रमाणावर वाढवून दाखवले. त्यांच्याबद्दल मी फार आदराने बोलतो, फक्त घरात बोलत नाही.

तर तिसरी खेप. त्या रात्री मगाने दोनशेच्या आसपास उचलली. आठवडाभरात निम्मी गेली. मग आर्टेमिया, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतला खाऱ्या पाण्यातला बारीक जीव, खायला घालणं सुरू केलं. मिठाच्या पाण्यात त्याची सुकी अंडी घालून हवा सोडली की दिवसाभरात पिल्लं, पण टरफलं वेगळी काढावी लागतात, कारण ती गिळली की क्लाउनची पिल्लं फुगून मरतात. दहाव्या दिवशी काही पिल्लं पोहायचं सोडून तळाशी बसली. मी मनात त्यांचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ओरडली, "बाबा, पट्टा!" खरंच, डोळ्यामागे एक पांढरा पट्टा उमटला होता, नखाने ओढल्यासारखा.

शेवटी अकरा राहिली. महिनाभरात त्यांच्यातही ढकलाढकली सुरू झाली.

काल मागच्या काचेवर पुन्हा चंदेरी डोळे दिसले. रात्री साडेनऊला मग, दोन्ही टॉर्च आणि लाल पट्टीचं नरसाळं घेऊन मी खोलीत गेलो. दिवे बंद होते, पडदे ओढलेले होते. मागे दार लागल्याचा आवाज आला, आणि बाहेरून कोणीतरी फटीत टॉवेल खोचत होतं.