शाळेचा गणवेश कुणाकडे शिवायचा?

शाळा उघडायच्या आठवड्यात आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी आली. गणवेश, दप्तर, वह्या, चपला, सायकल दुरुस्ती. कुठली दुकानं 'आपली' आणि कुठली 'आपली नाहीत'. खाली लिहिलं होतं, 'मुलांवर संस्कार करायचे असतील तर सुरुवात खरेदीपासून करा. पुढे पाठवा.' बऱ्याच जणांनी खाली हात जोडलेले टाकले. 'आपली नाहीत'मध्ये तिसरं नाव आमच्या शिंप्याचं, चाचांचं होतं.

मी माळकरी आहे. लग्नाच्या आधीपासून गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकवत नाही, घरात मांसमच्छी शिजत नाही. माझे सासरे, आमचे तात्या, गावच्या विठ्ठल मंदिरात विणेकरी आहेत. दरवर्षी आमच्या घरातून कुणी ना कुणी दिंडीत चालतं. त्यामुळे धर्माशी देणंघेणं नसलेल्या बाईचं हे लिहिणं नाही. धर्म घरात रोज पाळायचा असतो, आणि मुलं तो आपल्याकडे बघूनच शिकतात, असं मानणारी मी आई आहे. 'संस्कार' हा शब्द माझाही आहे. तो त्या यादीखाली वाचून मला फार वाईट वाटलं.

यादी सातवीतल्या मुलाने माझ्या फोनवर वाचली. रात्री जेवताना म्हणाला, "आई, चाचा आपल्या विठ्ठलाला मानत नाहीत ना? मग आपण त्यांना पैसे का देतो?"

"असं बोलू नये" म्हणून त्याला गप्प करता आलं असतं. पण त्याने खोडसाळपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. त्या रात्री मलाही नीट सांगता आलं नाही, म्हणून पुढचे आठ-दहा दिवस मी हाच विचार करत होते.

आधी चाचांबद्दल. आठ बाय दहाचं दुकान, दोन मशिनी, एकीला मोटर, दुसरी अजून पायाची. मुलगा बालवाडीत गेला तेव्हापासून त्याचे कपडे तेच शिवतात. माप घेताना पोराला विचारतात, "शर्ट आत खोचतोस का बाहेर?" आणि त्याप्रमाणे लांबी धरतात. पँटला खाली चार बोटं जादा कापड दुमडून ठेवतात. मला म्हणतात, "वहिनी, माया सोडलीय. दिवाळीनंतर घेऊन या, उसवून देतो." दिवाळीनंतर उसवून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. एका गणवेशात पोरगं दोन वर्षं काढतं. शुक्रवारी दुपारी एक ते दोन दुकान बंद असतं, नमाजाला जातात. त्यांची आणि माझी देवाबद्दलची समजूत वेगळी आहे, अगदी मुळातून वेगळी आहे. ते मूर्ती मानत नाहीत, मी विटेवरच्या मूर्तीशिवाय जगू शकत नाही. हा फरक लहान आहे असं मी मुलाला सांगणार नाही. सगळं एकच आहे, असं गुळमुळीत सांगून मुलांचं समाधान होत नाही, आणि ते खरंही नाही.

मग त्यांच्याकडे का जायचं?

मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "आगं, माझ्या गळ्यातली वीणा कुठली हाय?" वीणा मिरजेची. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी बहुतेक मुसलमान. मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती सतार-तंबोऱ्याकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्यांना लागणारा कडू भोपळा येतो कुठून, तर पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेकाठून. तो तिथून मिरजेला जातो, तिथे वाळतो, कोरला जातो, त्याला दांडी बसते, तारा चढतात, आणि वीणा होऊन कुणाच्या तरी गळ्यात परत पंढरपूरच्या वाटेला लागतो. आमच्याकडे सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारा बदलला की एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, येणारा-जाणारा तिच्या पाया पडतो. तात्या म्हणाले, "घेताना आम्ही सूर ऐकला. करणारा कुठल्या दिशेला तोंड करून देवाचं नाव घेतो ते कुणी इचारलं न्हाई."

मुलाला मी हेच सांगितलं. दुकानात शिरताना आपण माल बघायचा, माप बघायचं, शब्द बघायचा. दुकानदाराची प्रार्थना हा त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मधला व्यवहार आहे, त्यात आपलं गिऱ्हाईक म्हणून काही काम नाही.

पण इथेच थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण मी काही दुकानांची पायरी चढत नाही, आणि त्याचं कारण माझा धर्मच आहे.

आमच्या भागात एक किराणा दुकान आहे. गल्ल्यामागे विठ्ठल-रुक्मिणीची मोठी तसबीर, रोज हार. दिंडीला दरवर्षी त्यांच्याकडून एक वेळचं अन्नदान असतं. या यादीत 'आपली' म्हणून त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. या दुकानात शाळा सुटल्यावर पोरं मागच्या दाराने जातात आणि पुड्या घेऊन येतात. मी स्वतः बघितलंय, त्यातला एक मुलगा माझ्या मुलाच्या वर्गातला होता. मी दुकानात जाऊन त्यांना तोंडावर सांगितलं की दादा, हे बंद होईपर्यंत मी तुमच्याकडून मीठसुद्धा घेणार नाही. दोन वर्षं झाली, घेतलेलं नाही. त्यांचा देव माझाच आहे. माळही आहे त्यांच्या गळ्यात. पण ती पुडी ज्या पोराच्या तोंडात जाते त्याचं काय? तुकोबा स्वतः वाण्याच्या घरातले, देहूला त्यांचं दुकान होतं. कर्जाची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. आमच्या परंपरेत दुकानदाराची परीक्षा तराजूपाशी आणि खतावणीपाशी होते, हे मी माझ्या मनाचं सांगत नाही.

ग्रुपवर एका ताईंनी मला विचारलं, "पण आपला पैसा शेवटी त्यांच्या धर्माच्या कामाला जातो, त्याचं काय?" जातो. चाचा जकात, म्हणजे त्यांच्या धर्मातला दानाचा वाटा, काढतात, मला माहीत आहे. शिलाईचे पैसे मी दिले की ते त्यांच्या घामाचे झाले, त्यांनी ते कुठे द्यायचे हे मी ठरवणार नाही. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, शेडवर बेदाणा करतो, तासगावच्या सौद्यात घालतो. रमजान जवळ आला की बेदाण्याला उठाव येतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. तो पैसा आमच्या घरात येतो आणि त्यातून दिंडीची वर्गणी जाते. रोजा सोडणाऱ्या कुणा घराने 'आमचा पैसा पंढरपूरला जातो' म्हणून बेदाणा घेणं थांबवलं तर मी काय म्हणेन? अर्थात हा हिशेब झाला. आमचा बेदाणा खपत नसता तरीही मी गणवेश चाचांकडेच शिवला असता.

कायदा इथे फार मदत करत नाही, हेही सांगते. घटनेच्या पंधराव्या कलमाप्रमाणे धर्म बघून कुणाला दुकानात यायला मनाई करता येत नाही. एकोणिसाव्या कलमाने धंदा करायचा हक्क दिला आहे. पण गिऱ्हाइकाने कुठली पायरी चढावी हे कुठलंच कलम सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवायचं असतं, म्हणून तर आईबापांची जबाबदारी जास्त.

धर्म पाळणाऱ्या माणसाला काही गोष्टी विचारायचा पूर्ण हक्क आहे. उपवासाच्या दिवशी मी हॉटेलात विचारते, तेल कुठलं, कढई वेगळी आहे का. मुलांना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायला लहानपणीच शिकवलंय. माझी एक मुसलमान मैत्रीण आहे, ती मुलांसाठी घेतलेल्या जेलीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर माझ्यापेक्षा जास्त वेळ वाचते. यात कुणाचाच अपमान नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगितलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. काय शिजतं ते सांगा, मालकाच्या नावाची सक्ती नको. व्रत पाळणारी बाई म्हणून मला हे अगदी पटलं. माझं व्रत कढईतल्या वस्तूने मोडतं, मालकाच्या नावाने मोडत नाही.

आपल्याकडचंच बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने ठराव केला की कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. पुढे गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला. गावकऱ्यांचं म्हणणं असं होतं की यात्रेआधी गाव महिनाभर नेम पाळतं, तळण नाही, लग्नकार्य नाही, खाटेवर झोपायचं नाही, आणि बाहेरचे व्यापारी ते पाळत नाहीत. नेमाचं दुःख मला समजतं. मी स्वतः नेम पाळणारी आहे. पण मग नेम मोठ्या अक्षरात वेशीवर लिहा. जो मोडेल त्याचं दुकान उठवा, मग तो कुणीही असो. ठरावात नेमाऐवजी धर्म लिहिला, तिथेच नेम मागे पडला. रेवड्या विकणारा एखादा हिंदू व्यापारी घरी तळण खाऊन आला तर त्याला कोण विचारणार होतं?

आता जे मनात सगळ्यात खोल आहे ते. माझं माहेर रायगडकडचं. माझ्या आजोबांच्या घराला गावकीने वाळीत टाकलं होतं. कारण एवढंच, की आधीच वाळीत असलेल्या एका घरच्या मयताला आजोबा गेले आणि खांदा दिला. चार वर्षं गावातल्या दुकानदाराने मीठ दिलं नाही. त्याचं आजीशी काही वैर नव्हतं, त्याला गावकीचा दंड नको होता. आजी रॉकेलचा डबा घेऊन तीन मैलांवरच्या गावात जायची. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची. तिची मैत्रीण विहिरीवर तिच्याकडे पाठ करून उभी राहायची, कारण तिला घरून तसं शिकवलं होतं. आई आज सत्तरीची आहे आणि सांगताना अजून त्या पाठीबद्दलच बोलते, मिठाबद्दल नाही. महाराष्ट्राने या प्रकाराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, २०१७ च्या जुलैपासून तो लागू झाला. तो मुख्यतः जातपंचायतींसाठी, समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. पण यादी वाचताना मला आजीचा तो डबाच आठवला.

मी गुटख्याच्या दुकानात जात नाही, तेव्हा त्या माणसाला ठाऊक असतं की का, आणि काय केलं तर मी परत येईन. चाचांनी काय केलं तर यादीतून त्यांचं नाव निघेल? काहीच नाही. आणि यादी केली कशी, तर पाट्यांवरची नावं आणि आडनावं बघून. आमच्या भागात पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत आणि मुसलमानही आहेत.

कुणी म्हणेल, दुकानदार तुमच्या देवाची उघड टवाळी करत असेल तर? तर मी त्याच्याशी बोलेन. ऐकलं नाही तर जाणार नाही, आणि माझ्या मुलांना कारणही सांगेन. पण ते त्या एकाचं होईल. त्याच्या शेजारच्या गाळ्यातल्या, त्याच्याच धर्माच्या माणसाने माझं काय केलंय?

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की आमचा गणवेश चाचांकडेच शिवला जाईल आणि ही यादी मी पुढे पाठवणार नाही. दोघी-तिघींनी खासगीत फोन केला, त्यातली एक बराच वेळ रडली. एका भाऊंनी मला 'बाटगी' म्हटलं. माळ घातल्यापासून पहिल्यांदा कुणी मला हा शब्द वापरला. फार लागला.

शनिवारी मुलाला मापाला नेलं. तो जरा अवघडून उभा होता, यादी वाचली होती ना त्याने. चाचांनी टेप खांद्यावर धरली आणि म्हणाले, "वहिनी, यंदा दोन इंच वाढला की हा! माया जास्त सोडावी लागेल." मग मुलाला नेहमीचं विचारलं, शर्ट आत की बाहेर. तो म्हणाला, "आत. सातवीला आत लागतो, चाचा."

तात्यांनी दिंडीच्या पताकांचं भगवं कापडही माझ्याबरोबर दिलं होतं. काठाला शिलाई घालायची आहे, अकरा पताका आहेत. चाचा पैसे नको म्हणाले. तात्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "फुकट घिऊ नगंस, कामाचं दाम द्यायचं." तर दाम ठरलं, आणि पताका शुक्रवारी तयार होतील. एकच्या आधी जाऊन आणायच्या आहेत.