“भर चौकात लटकवा” म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या तालमीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. “गुन्हेगार हिशोब करूनच गुन्हा करतो, शिक्षा एवढी महाग करा की हिशोबच बसू नये. एका फाशीनं आठ खून टळतात हे अमेरिकेत सिद्ध झालंय. सौदीत बघा. बलात्काऱ्याला तर थेट फाशी. बिंदू चौकात दोघातिघांना लटकवा, आठ दिवसात कोल्हापूर सरळ.” खाली अंगठ्यांची रांग. तिथं काय बोललो तर “तू त्यांच्या बाजूचा का रे” सुरू होणार, म्हणून इथं सविस्तर.

हिशोबाचं आधी घेतो, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच पटतं. गॅरी बेकर नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९६८ ला हेच मांडलं, पुढं १९९२ ला नोबेल पण मिळालं. डोक्यात कसं आलं तर साहेब एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला उशिरा निघालेले, गाडी लांब पार्किंगमध्ये लावू का इथंच रस्त्याकडेला नियम मोडून ठोकू, असा प्रश्न पडला, मग सापडायची शक्यता किती आणि सापडलो तर दंड किती याचा अंदाज घेतला आणि लावली रस्त्यावरच. दंड झालाच नाही! म्हणजे हिशोबात आकडे दोन आहेत भावांनो, फॉरवर्डवाल्यानं एकच उचललाय.

दुसरा आकडा, म्हणजे सापडायची शक्यता, बघायचाय तर दुपारी तीनला दसरा चौकात चहा घेत थांबा. लाल सिग्नलला गाडीवाल्याची नजर सिग्नलवर नसतेच, कुठं झाडाखाली, टपरीच्या आडाला पांढरा शर्ट उभा आहे का ते तो शोधत असतो. दिसला की पाय खाली, नाही दिसला की सुसाट. शेजारच्या एकाला विचारलं दंड किती रे, तर म्हणाला “दोनशे का पाचशे, हाय की कायतरी.” ज्या आकड्याचा धाक बसायचा तो आकडाच माहीत नाही. २०१९ च्या कायद्यानं लायसन्स नसल्याचा दंड ५०० वरनं ५००० झाला, आपल्या राज्यात २०२१ च्या डिसेंबरपासनं लागू. दहापट झाला, तरी क्लासला जाणारी अकरावीची पोरं गाड्या उडवायची थांबली का? इटलीतल्या बेक्कारिया नावाच्या विचारवंतानं १७६४ ला लिहून ठेवलंय की शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती नक्की होणार आणि लवकर होणार हे जास्त धाक घालतं. अलीकडचे अभ्यासक पण तेच सांगतात, पकडलं जायची खात्री वाढवा, शिक्षेची वर्षं वाढवून फारसं हाती लागत नाही.

आठ खुनांचा आकडा आयझॅक एर्लिक या अर्थतज्ज्ञाच्या १९७५ च्या पेपरातला. फॉरवर्ड तिथंच थांबतो, संशोधन थांबलं नाही. २०१२ ला अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं सगळे अभ्यास चाळून सांगितलं की फाशीनं खून कमी होतात, वाढतात का काहीच होत नाही, हे यांच्यावरनं ठरवू नका. म्हणजे “फाशीचा उपयोग शून्य” हे पण सिद्ध झालेलं नाही, तेवढं मान्य करतो.

सौदी? २०२४ ला तिथं ३०० च्या वर मृत्युदंड झाले, त्यातले शंभरावर ड्रग्जसाठी. धाक बसला असता तर एका वर्षात एवढे सापडले असते का!

बलात्काऱ्याला थेट फाशी, हे ऐकायला बरं वाटतं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. बलात्कारालाही फाशी आणि खुनालाही फाशी, तर तो साक्षीदार कशाला जिवंत ठेवेल? त्यात एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, आकड्यात बहुतेक वर्षी नव्वद टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीतला असतो, चुलता, शेजारी, मालक. चुलत्याला फासावर चढवायचं म्हटल्यावर पोरीला गप्प बसवायला आख्खी भावकी जमते. २०१३ ला कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीनं पण बलात्काराला फाशी नको असंच सांगितलेलं.

आणि आठ दिवसात लटकवायचं म्हणताय? आपल्याच कोर्टाचं बघा की. पोरं पळवून मारल्याच्या केसमध्ये गावित बहिणी १९९६ ला सापडल्या, २००१ ला कोल्हापुरात फाशी सुनावली, २००६ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, दयेचा अर्ज फेटाळायला २०१४ उजाडलं आणि २०२२ ला हायकोर्टानं सरकारी दिरंगाईवर बोट ठेवून जन्मठेप केली. याच्यावर अजून कडक शिक्षा कुठनं आणणार?

माझी स्वतःची गाडी एका मंगल कार्यालयाबाहेरनं चोरीला गेली. तक्रार द्यायला गेलो तर “चार दिवस बघा, मित्रानं नेली असंल” म्हणून परत पाठवलं. चोराचा हिशोब तिथंच जमला. जर्मनीत बघा काय झालं, पश्चिम जर्मनीत १९८० ला हेल्मेट नसलं की जागेवर दंड सुरू झाला, आणि वर्षाला दीड लाखाच्या आसपास होणाऱ्या मोटरसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत ५४ हजारांवर आल्या. चोरीची शिक्षा तीच! फक्त बिनहेल्मेटचा चोर रस्त्यात लगेच डोळ्यात भरायला लागला, आणि चोरी करायला हेल्मेट घेऊन कोण फिरतंय.

आपल्यात ते पण चालायचं नाही म्हणा. आमच्या गल्लीत हेल्मेट घालून कोण शिरला तर पोरं त्यालाच अडवतात, “पाव्हणं, कुणाकडं?”