"छिद्र सगळ्यांनाच असतं" म्हणून इको टाळू नका

मावसबहिणीचं बाळ दोन दिवसांचं. पायाला क्लिप लावून सॅचुरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघितलं तर ९१ टक्के, म्हणजे कमी, तासाभराने पुन्हा बघितलं तरी तेवढंच, म्हणून डॉक्टरांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला आणि नेमका तेव्हाच घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन पडला. त्यात म्हटलंय की बाळाचं हृदय जन्माआधी बंद असतं, आईचंच रक्त त्याच्यात फिरतं, नाळेतलं रक्त खराब असतं, हृदयात छिद्र सगळ्याच बाळांना असतं आणि आपोआप बुजतं, इको म्हणजे पैसे काढायचा धंदा, बाळ निळसर दिसलं तर कोवळं ऊन दाखवा आणि सव्वा महिना थांबा. झालं, तिच्या सासूबाई म्हणाल्या, मग राहू दे ना इको! म्हणून हे लिहितेय.

हृदय बंद असतं म्हणे. अहो, सोनोग्राफीत सहाव्या-सातव्या आठवड्यातच ठोके दिसतात, तपासणीला गेलेल्या प्रत्येक बाईने ती धडधड ऐकलीये. आणि आईचं रक्त बाळात फिरत नाही. वारेत दोघांचं रक्त जवळ येतं, मध्ये पातळ पडदा असतो, त्यातून ऑक्सिजन आणि पोषण पलीकडे जातं. थोडं रक्त कधीकधी, विशेषतः बाळंतपणात, इकडचं तिकडे होतं, म्हणून तर निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. नाळेतलं रक्त बाळाचं स्वतःचंच असतं, खराब नसतं, आणि नाळ कापायला किमान एक मिनिट थांबा असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

आता छिद्र. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पोटात बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली, ऑक्सिजन नाळेतून येतो, मग बरंचसं रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. त्यासाठी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक फट असते, हेच ते छिद्र, आणि फुप्फुसाच्या धमनीला महाधमनीशी जोडणारी एक छोटी नळी असते, तिला डक्टस म्हणतात. बाळाने पहिला श्वास घेतला की फुप्फुसांकडे रक्त जोरात जातं, तिथून डाव्या कप्प्यात परत येतं, तिकडचा दाब वाढतो आणि फटीवरचा पडदा एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखा बंद होतो. साधारण चारातल्या एका मोठ्या माणसात तो पूर्ण चिकटलेला नसतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

पण डॉक्टरांना भीती त्या फटीची नाहीच! काही बाळांची महाधमनी फार अरुंद असते, काहींच्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते, आणि अशी बरीच बाळं डक्टस उघडा आहे तोवरच तग धरतात. बाळ दूध पितं, रडतं, वरून ठीक दिसतं, कधी घरीही जातं. आणि डक्टस तर पहिल्या दोन-तीन दिवसांत बंद व्हायला लागतो, निरोगी बाळात तो व्हायलाच हवा. अशा बाळात तो मिटला की काही तासांत बाळ कोसळतं. आधी कळलं तर प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप लावून डक्टस ऑपरेशनपर्यंत उघडा ठेवता येतो. म्हणजे ज्या दिवसांत धावपळ करायची तेच दिवस हा फॉरवर्ड बसून काढायला सांगतोय.

क्लिपची तपासणी थोतांड वाटणाऱ्यांसाठी: अमेरिकेत ज्या राज्यांनी ती सक्तीची केली तिथे अशा गंभीर हृदयदोषांनी होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास २०१७ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. क्लिप दुखत नाही, इकोत सुई नाही. इकोत काही निघालं नाही तर उत्तमच, फुप्फुसाचं काही आहे का ते बघतील, पण ९१ सोडून देण्यासारखं नाही.

निळेपणाचं म्हणाल तर पहिल्या एक-दोन दिवसांत हाताचे-पायाचे तळवे निळसर दिसू शकतात, चालतं. जीभ, ओठ निळे असतील तर लगेच दवाखाना, उन्हाने सॅचुरेशन वाढत नाही. पुढेही दूध पिताना बाळ दमतंय, कपाळावर घाम येतोय, वजन वाढत नाहीये, तर दाखवा. खर्चाची काळजी असेल तर सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात हृदयदोष येतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.